बंदुकीला तिचा धक्का खाऊ द्या

चांगल्यातली चांगली स्प्रिंग-पिस्टन एअर रायफल घ्या, नाशिकच्या सातपूर औद्योगिक भागातल्या एखाद्या वर्कशॉपमधल्या जड व्हाइसमध्ये रबर लावून घट्ट आवळा आणि दहा मीटरवरच्या कागदावर दहा छर्रे झाडा. मग तीच रायफल सोडवून जाणत्या नेमबाजाच्या सैल हातात द्या. बहुतेक वेळा हातातला ग्रुप, म्हणजे कागदावरच्या भोकांचा पुंजका, लहान येतो, आणि व्हाइसमधले छर्रे तर कागदावर भलत्याच जागी गेलेले असतात. ज्याचा जन्म मशीनवर गेला त्याला हे पटायला जड जातं. जॉब जितका पक्का बांधाल तितकं माप अचूक, हा तिथला रोजचा अनुभव. स्प्रिंगच्या बंदुकीचं गणित वेगळं पडतं, कारण छर्रा नळीबाहेर पडायच्या आधीच बंदूक हललेली असते.

ट्रिगर दाबल्यावर आत काय घडतं ते सावकाश पाहू. सिअर, म्हणजे स्प्रिंग अडवून धरणारा खटका, सुटतो आणि दाबून धरलेली स्प्रिंग पिस्टनला पुढे ढकलते. पिस्टन पुढे निघाला की बाकीची बंदूक मागे येते, हा पहिला धक्का. पिस्टनपुढची हवा चेपत जाते, तापते आणि एका बारीक भोकातून, म्हणजे ट्रान्स्फर पोर्टमधून, छर्ऱ्याच्या मागे दाटते. छर्रा अजून जागेवरच असतो. पिस्टन चेंबरच्या टोकाशी पोचतो तेव्हा कुठे दाब इतका चढतो की छर्रा नळीच्या आट्यांत, म्हणजे आतल्या पिळदार खाचांत, शिरतो. त्याच सुमाराला पिस्टन चेपलेल्या हवेवर आदळून थबकतो, उसळतो, आणि बंदूक उलट पुढे झेपावते. हा दुसरा धक्का, पहिल्यापेक्षा तीक्ष्ण. सगळं सेकंदाच्या साधारण शंभराव्या भागात उरकतं, आणि या गडबडीत छर्रा नळीतूनच चाललेला असतो. बंदूक हलणार, ते कुणालाही थांबवता येत नाही. आपल्या हातात उरतं ते एवढंच, की ती दर वेळी सारखी हलावी. अचूकतेची बाकी सगळी चर्चा या एका गोष्टीभोवती फिरते.

देवळालीच्या तोफखान्याचे आवाज नाशिककरांच्या कानांना सवयीचे आहेत. तिथली तोफ डागली की तिची नळी पाळण्यावर मागे सरकते आणि रिकॉइल यंत्रणा तिला परत जागेवर आणून ठेवते. नळी सांगाड्याला जखडलेली असती तर सांगाडाच उखडला असता. स्प्रिंगच्या रायफलला हीच मोकळीक लागते, आणि ती देणाऱ्या पकडीला आर्टिलरी होल्ड म्हणतात. पुढचा हात उघडा ठेवायचा. दस्ता, म्हणजे ज्यात बंदूक बसवलेली असते तो धरायचा भाग, तळहाताच्या गादीवर नुसता टेकलेला हवा, बोटं वर वळून त्याला धरणार नाहीत. मागचा हात ग्रिपवर सैल. अंगठा पलीकडे वळवण्यापेक्षा त्याच बाजूला टेकवून ठेवला तर मनगट आपोआप ढिलं राहतं. बट, म्हणजे दस्त्याचं मागचं टोक, खांद्याला लागेल एवढाच, खांद्यात ओढून घ्यायचा नाही. गालाचं वजन दस्त्यावर पडेल पण गाल दाबला जाणार नाही. नव्या माणसाला वाटतं की आता बंदूक हातातून निसटेल. ती निसटत नाही, फक्त तिच्या मार्गाने मागे-पुढे जाऊन येते.

तळहात नेमका कुठे ठेवायचा हे रायफलच ठरवते. सुरुवात ट्रिगर गार्डच्या जरा पुढे, जिथे तोल साधतो तिथून करावी. एकाच डबीतले छर्रे, एकच अंतर, पाच-पाचचे ग्रुप. दर ग्रुपनंतर हात दोन सेंटीमीटर पुढे. कुठल्या तरी एका जागी ग्रुप एकदम आवळून येतो. तिथे दस्त्याच्या खालच्या अंगाला इन्सुलेशन टेपची आडवी पट्टी चिकटवावी, म्हणजे न पाहता बोटाला ती जागा लागते. टेबलावर बसून झाडतानाही रायफल थेट वाळूच्या पिशवीवर ठेवू नये. पिशवीवर हात, हातावर रायफल. कठीण पृष्ठभागावरून बंदूक उसळते आणि ग्रुप वर चढतो. जुन्या जीन्सचा एक पाय कापून, दोन्ही टोकं शिवून, आत कोरडी वाळू भरली की पिशवी तयार. गच्च भरू नये, तीन-चतुर्थांश पुरे.

अंगाची दिशाही इथेच तपासायची. नेम धरा, डोळे मिटा, दोन श्वास घ्या, डोळे उघडा. माशी, म्हणजे नळीच्या टोकावरचा नेमाचा खुंट, टार्गेटवरून डावी-उजवीकडे गेली असेल तर हाताने ओढून आणू नका; पाय सरकवा, बसला असाल तर कंबर. हाताने ओढून आणलेली बंदूक धक्का बसताच पूर्वीच्या जागेकडे पळते, आणि तोवर छर्रा बाहेर पडलेला नसतो. ट्रिगर सुटल्यावर नजर आणि हात एक सेकंद तसेच राहू द्यायचे, तेही याचसाठी. माझ्या मते या एका सेकंदात सगळ्यात जास्त कळतं: धक्क्यानंतर माशी कुठे जाऊन थांबली ते पाहावं. दर वेळी ती एकाच जागी थांबत असेल तर पकड सारखी आहे. कधी दहाच्या वर्तुळाच्या वर, कधी आठच्या डावीकडे थांबत असेल, तर कागद बघायला जायचीही गरज नाही.

हा धक्का बंदुकीच्या आतच जिरवायचा उद्योगही होऊन गेला आहे. जर्मनीच्या फाइनवेर्कबाउने 1960च्या दशकात 150 आणि 300 या रायफलींत सगळी ॲक्शन, म्हणजे नळी आणि पिस्टनचा भाग, रुळांवर बसवली. झाडताना ती दस्त्यावर मागे घसरते आणि खांद्याला काही कळत नाही. डायनाने वेगळी वाट काढली: समोरासमोर विरुद्ध दिशेने धावणारे दोन पिस्टन, एकाचा धक्का दुसऱ्याने खायचा. दोन्ही रायफली जड, महाग आणि अप्रतिम. 1984 साली लॉस एंजेलिसला दहा मीटर एअर रायफल ऑलिंपिकमध्ये आली. आज त्या स्पर्धेत आधीच दाबून भरलेल्या हवेच्या रायफली असतात, ज्यांना जवळपास धक्काच नसतो. घरातल्या साध्या ब्रेक-बॅरल, म्हणजे नळी मोडून स्प्रिंग दाबायच्या, रायफलीशी त्यांची तुलना करून निराश होऊ नये. मात्र टार्गेट तेच वापरावं.

त्या टार्गेटची मापं पाठ असायला हवीत. दहाचं टिंब 0.5 मिलिमीटर, नऊचं वर्तुळ 5.5, मग दर वर्तुळ पाचाने वाढत एकचं 45.5. काळा भाग 30.5 मिलिमीटर. छर्रा 4.5चा, आणि त्याची कड टिंबाला शिवली की दहा मिळतात. म्हणजे छर्ऱ्याचा मध्य अडीच मिलिमीटर चुकला तरी चालतो. मध्यापासून मध्यापर्यंत पाच मिलिमीटरचा ग्रुप बरोबर मधोमध बसवला तर सगळे दहा. झेरॉक्सच्या दुकानात टार्गेट छापून घेताना प्रिंट शंभर टक्के मापात काढायला सांगा, नाहीतर कागदात बसवण्याच्या नादात मशीन ते लहान करतं. हातात आल्यावर काळ्या वर्तुळावर पट्टी ठेवा. साधा 80 जीएसएमचा कागद फाटतो आणि भोकाची कड दिसत नाही; 200च्या पुढचा कार्डशीट घ्या. ग्रुप मोजताना सगळ्यात लांबच्या दोन भोकांच्या बाहेरच्या कडांमधलं अंतर घ्या आणि त्यातून 4.5 वजा करा. आणि दहाचा ग्रुप मोजा. पाचाचा ग्रुप दैवाने लहान येऊ शकतो.

छर्ऱ्यांकडे वळू. इथे खर्च कमी आणि फरक मोठा. कागदासाठी सपाट डोक्याचे वॉडकटर, 25 मीटरच्या पुढे गोल डोक्याचे. वजन आठ ग्रेनच्या आसपास, म्हणजे सुमारे अर्धा ग्रॅम. डबीवर डोक्याचं माप लिहिलेलं असतं, 4.49, 4.50, 4.51, 4.52, आणि या शतांश मिलिमीटरच्या फरकाने एकाच रायफलचा ग्रुप दुप्पट झालेला दिसतो. जेएसबी, एच अँड एन, आरडब्ल्यूएस या कंपन्यांपैकी कुणाचा छर्रा तुमच्या नळीला मानवेल हे कागदच सांगेल. छर्रा बदलला की पहिले दहा-पंधरा सोडून द्या, नळीत आधीच्या शिशाचा थर असतो.

एखादा छर्रा चिमटीत धरून उजेडासमोर उलटा करून बघा. मागचा पोकळ घेर, ज्याला स्कर्ट म्हणतात, कागदासारखा पातळ असतो. डबी एकदा हातातून पडली की त्यातल्या कित्येकांचा घेर लंबगोल होतो. काहींच्या आत शिशाचा बारीक कीस चिकटलेला असतो, काहींच्या कडेला खाच. हवेचा दाब या घेराला फुगवून आट्यांत बसवतो. घेर एका बाजूने चेपलेला असेल तर हवा तिथून निसटते आणि छर्रा डोलत निघतो. कागदावर नऊ भोकं एकत्र आणि एक बोटभर लांब, याचं कारण बहुतेकदा हेच असतं. मलमलीवर शंभर छर्रे पसरून चेपलेले वेगळे करायला पंधरा मिनिटं लागतात. वजन करून निवडायचे असतील तर सराफ बाजारात दिसतो तो 0.01 ग्रॅमचा छोटा काटा पुरत नाही: 0.2 ग्रेनचा फरक म्हणजे 0.013 ग्रॅम, काट्याच्या एका घराएवढा. 0.001 ग्रॅमचा काटा लागतो. तो नसेल तर डोळ्यांनी निवडा, तेवढ्यानेच बराचसा फायदा पदरात पडतो. छर्रा बसवताना अंगठ्याने नळीच्या तोंडाशी सपाट बसेपर्यंत दाबा, दर वेळी तेवढाच. आणि हे करताना दुसऱ्या हाताने मोडलेली नळी घट्ट धरलेली हवी. सिअर निसटला तर नळी वर झेपावते आणि बोट सापडतं.

ग्रुप बिघडला की लोक आधी नळीला दोष देतात. नळी क्वचितच दोषी असते. आधी स्क्रू बघा: दस्त्याच्या पुढच्या अंगाला दोन बाजूंना दोन, ट्रिगर गार्डला एक-दोन. मागे-पुढे अशा दुहेरी झटक्यांनी ते शंभरेक छर्ऱ्यांत ढिले होतात. नाशिकच्या हवेत लाकडी दस्त्याचं वेगळंच चालतं. जुलै-ऑगस्टमध्ये लाकूड फुगतं, एप्रिलच्या कोरड्या उन्हाळ्यात आकसतं, आणि पावसाळ्यात आवळलेला स्क्रू होळीनंतर हाताने फिरतो. निळं थ्रेड-लॉक एक थेंब लावा. लाल लावू नका, मग तो स्क्रू तापवल्याशिवाय निघत नाही.

मग नळीचा सांधा. रायफल कॉक करा, म्हणजे नळी मोडून स्प्रिंग दाबा, छर्रा भरू नका, सेफ्टी लावा, बोट ट्रिगरपासून लांब. नळी अर्ध्यात आणून ठेवा. ती तिथेच राहिली तर सांधा ठीक. स्वतःच्या वजनाने खाली पडली तर पिव्हट बोल्ट पाव आटा आवळा. बोल्टऐवजी पिन असेल तर बाजूचे वॉशर झिजले आहेत. तपासणी झाल्यावर रिकामी बंदूक झाडू नका. पुढे छर्रा नसला की हवेची गादी तयार होत नाही, पिस्टन धातूवर आपटतो आणि सील फुटतं. छर्रा भरून टार्गेटवरच झाडा.

हवा सांध्यातून गळते का हे टिश्यू पेपरने कळतं. टिश्यूची एक पातळ पट्टी नळी आणि चेंबरच्या जोडावर आडवी टाका आणि छर्रा झाडा. पट्टी जागची हलली नाही तर उत्तम. उडाली तर ब्रीच सील, म्हणजे नळीच्या मागच्या तोंडाचं सील, गेलं. बहुधा ते साधं ओ-रिंग असतं. नवीन मिळेपर्यंत त्याच्या खाली प्लास्टिकच्या पातळ चकतीची शिम घातली तरी वेग परत येतो, आणि वेग एकसारखा झाला की कागदावरची भोकांची उभी रांग आखडते.

स्कोपबद्दल थोडक्यात. मोठ्या काडतुसांच्या बंदुकीसाठी बनवलेला स्कोप इथे टिकत नाही, कारण त्याची बांधणी फक्त मागच्या धक्क्यासाठी असते आणि इथे पुढचा धक्का जास्त मारतो. एअर गनसाठीचाच घ्या, आणि पॅरॅलॅक्स, म्हणजे डोळा हलला की नेम सरकल्यासारखा दिसतो तो दोष, दहा मीटरपर्यंत जुळवता येईल असा. स्कोप रेलवर, म्हणजे तो ज्या पट्टीवर बसतो तिच्यावर, हळूहळू मागे सरकतो, म्हणून माउंटला स्टॉप पिन हवी. कित्येक ब्रेक-बॅरल रायफलींची नळी किंचित खाली झुकलेली असते. तिच्यासाठी स्कोपचा वरचा नॉब शेवटपर्यंत फिरवला की आतली स्प्रिंग सैल पडते आणि नेम भटकतो. झुकाव भरून काढणारा माउंट हा त्यावरचा सरळ उपाय. पाव एमओएचा (एमओए म्हणजे अंशाचा साठावा भाग) एक क्लिक दहा मीटरवर सुमारे 0.73 मिलिमीटर सरकवतो, म्हणजे चार क्लिक साधारण तीन मिलिमीटर. उघड्या साईटवर नेम शिकलेल्याला स्कोप कधीही लावता येतो, म्हणून पहिले काही महिने साधी माशीच बरी.

आता तेल. शिलाई मशीनचं तेल किंवा खोबरेल चेंबरमध्ये सोडायची सवय घराघरांत आहे आणि ती बंदुकीचा घात करते. चेंबरमधली हवा चेपून इतकी तापते की तेल पेट घेतं: मोठा आवाज, धूर, जळका वास, आणि छर्रा कमालीच्या वेगाने. याला डिझेलिंग म्हणतात. लोकांना वाटतं बंदुकीची ताकद वाढली. प्रत्यक्षात सील जळतं, स्प्रिंग तुटते, आणि दर छर्ऱ्याचा वेग वेगळा असल्याने ग्रुप उधळतो. नव्या रायफलीत कारखान्याचं तेल असतं, त्यामुळे सुरुवातीचे काही छर्रे असं करतात आणि मग थांबतात. रायफल पुरती रुळायला दोनशे ते पाचशे छर्रे लागतात. त्यापुढे पिस्टनच्या घासणाऱ्या जागांवर मोलिब्डेनम डायसल्फाइडची पेस्ट नखभर, स्प्रिंगवर चिकट डॅम्पिंग ग्रीसचा पातळ हात, बस.

स्प्रिंग झणझणत असेल तर ती आतल्या गाइडवर सैल आहे. अंबड-सातपूरच्या लेथवर डेल्रिन या कडक प्लास्टिकचा गाइड स्प्रिंगच्या आतल्या व्यासाला घट्ट बसेल असा काढून घेणं अवघड नाही, आणि इतका स्वस्त, इतका गुणाचा बदल दुसरा नाही. मात्र स्प्रिंग काढताना स्प्रिंग कंप्रेसर, म्हणजे तिला दाबून धरणारा शिकंजा, वापराच. तिच्यात उरलेला ताण मागचा ब्लॉक छातीत मारण्याइतका असतो. नवी स्प्रिंग टाकताना जास्त जोराची टाकायचा मोह टाळावा. जोर वाढला की धक्का वाढतो आणि ग्रुप फुटतो. कागदाला छेद द्यायला 170-180 मीटर प्रतिसेकंद पुष्कळ झाले. कायद्याचीही इथे रेघ आहे: 2016च्या शस्त्र नियमांनुसार 4.5 मिलिमीटरपेक्षा मोठी नळी किंवा 20 जूलपेक्षा जास्त ऊर्जा असेल तर परवाना लागतो. 8.44 ग्रेनचा, म्हणजे 0.547 ग्रॅमचा छर्रा 270 मीटर प्रतिसेकंदाने गेला की ऊर्जा जवळपास 20 जूल होते. जाहिरातीतले मोठे वेग वाचताना हा आकडा लक्षात ठेवा.

पाखरांवर एअर गन रोखणं हा 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. नांदूर मध्यमेश्वरसारखं पाणथळ, महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा), ज्या जिल्ह्यात आहे, तिथे हे कुणाला सांगावं लागू नये, तरी घरात बंदूक आणणाऱ्याने मुलांना पहिल्या दिवशी सांगावं.

घरच्या रेंजला पार्किंगची लांब पट्टी किंवा बंदिस्त गच्ची चालते, पण मागे आडोसा हवाच. हा छर्रा मोकळा सुटला तर तीनशे मीटरच्या पुढेही जातो. लाकडी खोक्यात जुन्या चिंध्या ठासून भरा आणि पाठीमागे 3 मिलिमीटरचा लोखंडी पत्रा 45 अंशांत खाली झुकवून लावा, म्हणजे छर्रा खाली पडेल. सरळ उभ्या पत्र्यावरून शिशाचे तुकडे झाडणाऱ्याकडेच परततात. चष्मा घाला. झाडून झाल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय काही खाऊ नका.

कार्ड वाचता आलं की निम्मी दुरुस्ती झाली. उभी रांग आली तर वेग किंवा पुढच्या हाताचा दाब बदलतोय. आडवी रांग म्हणजे ट्रिगरवरचं बोट किंवा गाल. दोन स्वतंत्र ग्रुप म्हणजे काहीतरी दोन जागांवर बसतंय: स्क्रू, सांधा, नाहीतर स्कोप. दर छर्ऱ्याला एकाच दिशेने सरकत गेले तर स्कोप सरकतोय. आणि सगळीकडे विखुरलेले असतील तर एकाच वेळी दोन गोष्टी बदलू नका. आज छर्रा, उद्या पकड, परवा स्क्रू, आणि दर कार्डावर तारीख, छर्ऱ्याचा नंबर आणि हवा लिहून ठेवा.

हवा लिहायची ती उगाच नाही. डिसेंबर-जानेवारीत निफाडकडे पारा एक आकडी होतो तेव्हा ग्रीस घट्ट होतं आणि पहिले काही छर्रे खाली लागतात. मे महिन्यातल्या दुपारी तेच ग्रीस पातळ होऊन पुढे वाहतं. त्यामुळे सकाळचा नेम दुपारी तपासूनच विश्वासावर घ्यावा. उघड्यावर संध्याकाळी वारा सुटला तर दहा मीटरवरही छर्रा दोन-तीन मिलिमीटर सरकतो, 25 मीटरवर बोटभर. पावसाळ्यात रायफल फोमच्या बॅगेत ठेवू नका, फोम ओल धरून ठेवतो आणि आठवड्याभरात नळीवर तांबूस ठिपके येतात. तेलाचा हात फिरवलेल्या सुती कापडाने पुसून, कपाटात उभी, स्प्रिंग सुटी असलेली, जवळ सिलिका जेलची पुडी. उघाड पडल्यावर बाहेर काढली की आधी स्क्रू, मग टिश्यूची पट्टी, मग पाच छर्रे एका फालतू कार्डावर. सहाव्यापासून मोजायला लागा.